परतीची जाळी

जगदीश मेश्राम कुठल्याही घरात शिरले की आधी यंत्राकडे जात नाहीत. दारात बूट काढतात आणि नुसत्या मोज्यांनी पॅसेजभर सावकाश चालतात. जमीन कुठं गार, कुठं कोमट, वारा घोट्याला लागतो की पोटरीला, हे त्यांना पायानं कळतं. गोऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस हीटिंग दुरुस्त करायला आलाय की घर विकत घ्यायला. आपली माणसं न राहवून सांगतात, "अहो, मशीन तिकडे आहे, जिन्याखाली." त्यावर मेश्रामांचं ठरलेलं उत्तर, "माहीत हाय जी. थे कुठी पळून नाही चाललं."

माणूस नागपूरचा, इंदोऱ्याचा. आयटीआय करून कूलरच्या कारखान्यात लागला. कारखाना म्हणजे टिनाच्या छपराखाली सहा माणसं, पत्रा कापायची कात्री आणि मोटरी गुंडाळायचा एक ओटा. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस एक वेळ जेवल्यावाचून राहील, पण कूलरवाचून राहत नाही. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पाणी, मधे पंखा. मेश्रामांनी पंधरा उन्हाळे हेच केलं. त्यांचा उस्ताद पंखा बसवताना एकच गोष्ट सांगायचा: "हवा नुसती ढकलता येत नाही बे. जेवढी पुढं पाठवशीन, तेवढी मागून घ्या लागते. मागचं बंद केलं तं पंखा नुसता बोंबलते."

त्यांच्या बायकोला, अर्चनाला, दोन हजार एक साली लंडनच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. त्यांच्यामागून मेश्राम हॅरोला आले, वयाच्या चाळिशीत. दोन वर्षं गोदामात खोकी रचली. खोकी रचणारा माणूस कुणाला काही विचारत नाही आणि त्याला कुणी काही सांगत नाही, हे त्यांना सोसेना. संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं, गॅसच्या परीक्षा दिल्या. इंग्रजी कच्चं, पण हात पक्का. शेवटी कॉर्गीचं, म्हणजे गॅसच्या कामाच्या परवान्याचं, फोटोचं कार्ड हातात आलं. त्या कार्डाशिवाय इथं गॅसच्या नळाला कुणी बोट लावू शकत नाही.

वर्गातल्या बाकीच्यांनी बॉयलर आणि रेडिएटरचे पेपर दिले. मेश्रामांनी वरून एक जादा पेपर दिला, वॉर्म एअरचा. साठ-सत्तरच्या दशकात बांधलेल्या काही वस्त्यांमध्ये रेडिएटर नाहीतच. जिन्याखालच्या कपाटात एक पत्र्याचं उंच मशीन. त्यात खाली गॅसचा जाळ, मधे तापणारी पेटी, वर ब्लोअर. ब्लोअर तापलेली हवा जमिनीखालच्या पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत सोडतो, आणि घरातली गार झालेली हवा एका मोठ्या जाळीतून परत मशीनकडे येते. मास्तरानं फळ्यावर हे चित्र काढलं तेव्हा मेश्राम एकटेच हसले. रात्री अर्चनाबाईंना म्हणाले, "अवो, हा तं कूलरच हाय. फक्त उलटा घातलेला."

ही मशीनं आता जुनी झाली. नव्या पोरांना ती कळत नाहीत, म्हणून ते बघताक्षणी "काढून टाका" म्हणतात. असं कुणी म्हटलं की लोक मेश्रामांचा नंबर शोधत.

दोन हजार नऊच्या जानेवारीत असाच एक फोन आला. एजवेअरहून, सुहास गजभिये. मुलगा बँकेच्या सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर आलेला, वस्तीतल्या एका भाड्याच्या घरात राहणारा. बायको दीक्षा, साडेसात महिन्यांची गरोदर. पहिलंच बाळंतपण, म्हणून दीक्षाची आई रंभाबाई नोव्हेंबरातच नागपूरहून येऊन राहिल्या होत्या. आणि डिसेंबरपासून घर तापतच नव्हतं.

"दोन इंजिनिअर येऊन गेले, काका," सुहास म्हणाला. "दोघंही म्हणतात रिप आउट करा. लँडलॉर्ड म्हणतो समरमध्ये बघू. तुम्ही एकदा बघाल का?"

सोमवारी सकाळी मेश्रामांची पांढरी व्हॅन एजवेअरच्या त्या रांगेतल्या घरापुढं उभी राहिली. दार सुहासनं उघडलं. मागं रंभाबाई. साडीवर जावयाचं स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला मफलर आणि पायात दोन-दोन मोजे.

"जय भीम," मेश्राम म्हणाले.

"जय भीम, जय भीम." बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठचे जी तुमी?"

"इंदोऱ्याचा."

"इंदोऱ्याचे! कोनाचे?"

"मेश्रामाचा. बाप मिलमधी होता."

"मंग तुमाले हे थंडीतलं मशीन काय कळते? तिकडं तं कूलर अस्ते."

"मावशी, म्या कूलरच बनवत होतो."

रंभाबाई वळून आत ओरडल्या, "दीक्षा! अवो माय, जवाईबापूनं विलायतेत कूलरवाला शोधून आनला वो!"

आतून दीक्षा हसली आणि त्याबरोबर रंभाबाईंना खोकला आला. खोकला साधा नव्हता. भिंतीला हात टेकून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

सुहासनं मेश्रामांना किचनमध्ये नेलं आणि आवाज खाली केला. सासूबाईंना दोनदा चेस्ट इन्फेक्शन झालं होतं. त्यांच्या खोलीत थर्मामीटरचा काटा चौदाच्या वर जात नाही. जीपी, म्हणजे इथला नेहमीचा डॉक्टर, म्हणाला, या छातीला अशी थंडी चालणार नाही. म्हणून सुहासनं त्यांचं रविवारचं तिकीट काढलं होतं, नागपूरचं.

"दीक्षा बोलत नाहीये माझ्याशी," तो म्हणाला. "पण काका, मी काय करू? त्यांना काही झालं तर?"

किचनच्या कट्ट्यावर पितळी डबे मांडलेले होते. डिंक, मेथ्या, अळीव, खारका. बाळंतिणीचं सगळं सामान त्या माउलीनं पेटीतून आणलं होतं. रविवारी ते इथंच राहणार आणि रांधणारी जाणार.

मेश्राम नेहमीसारखे मोज्यांनी पॅसेजभर चालले. पॅसेजच्या टोकाला, जिन्याशेजारच्या भिंतीला लागून एक टेबल होतं. जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, दोन मेणबत्त्या, अगरबत्तीचं घर. या घरांच्या नकाशाप्रमाणं परतीची जाळी त्या टेबलामागंच असायला हवी, हे मेश्रामांना ठाऊक होतं. पण चादरीला हात घालायला हात गेला नाही. त्यांनी वाकून वंदन केलं आणि सुहासला विचारलं, "मागची जाळी मोकळी हाय ना जी?"

सुहास लॅपटॉप उघडत होता. "हो हो. मोकळीच."

मग मेश्रामांनी कपाटाचं दार सताड उघडलं, मशीनचं पुढचं झाकण काढलं आणि फिल्टर ओढला. तो एके काळी पांढरा असावा. आता पिवळट, चिकट, बोटाएवढा जाड झाला होता.

"मावशी, ह्या पाहा तुमच्या फोडण्या."

"माह्या कायच्या? म्या तं आत्ता आली. थ्या जवाईबापूच्या आम्लेटाच्या अस्तीन."

ब्लोअरचीही तीच गत. पात्यांमधल्या खाचा धुळीनं आणि तेलानं भरून पातं गुळगुळीत झालं होतं. असं पातं फिरतं, आवाज करतं, पण हवा कापत नाही. मेश्रामांनी ब्लोअर सोडवला, मागच्या अंगणात नेला आणि तासभर ब्रशनं एकेक खाच मोकळी केली. पुन्हा बसवला, नवा फिल्टर घातला, जाळ पेटवला. गरम हवा खोल्यांमध्ये भसाभसा आली. अर्धा तास मशीन एकदाही बंद पडलं नाही. तपासणीसाठी पेटवलेल्या धुराच्या काडीचा धूर धुराड्यात नीट वर चढला. रंभाबाईंच्या खोलीतला काटा सतरावर गेला.

आता एकच काम उरलं होतं. हीच तपासणी झाकण लावून, कपाटाचं दार बंद करून पुन्हा करायची. पुस्तकात तसं लिहिलेलं असतं आणि मेश्राम ती नेहमी करत. पण रंभाबाईंनी झुणका-भाकर वाढून ताट समोर आणलं होतं. भाकर ज्वारीची, वर कच्चा कांदा, लाल मिरचीचा ठेचा. "निवून जाईन, आधी जेवा." मेश्राम जेवायला बसले. जेवता जेवता इंदोऱ्यातली माणसं निघाली, कोण गेलं, कोण कुठं राहते, कोनाच्या पोरानं काय केलं. घड्याळ पाहिलं तर पुढच्या गिऱ्हाइकाची वेळ होऊन गेलेली. मेश्रामांनी हात धुतले, झाकण लावलं, दार लोटलं आणि निघाले.

बुधवारी दुपारी सुहासचा फोन आला. आवाजात सोमवारचा मऊपणा नव्हता.

"काका, सेम प्रॉब्लेम. पाच मिनिटं चालतं, बंद पडतं, मग गार हवा. तुम्ही गेल्यावर तासाभरातच झालं. मला वाटलं होतं तुम्हाला जमलंय."

"येतो जी संध्याकाळी. घरी सगळे बरे?"

"कसले बरे. आईंचा खोकला आहेच. आता दीक्षाचं डोकं दुखतंय कालपासून, मळमळतंय."

मेश्राम व्हॅन चालवत नव्हते, उभी होती. तरी त्यांनी हँडब्रेक ओढला.

"डोकं भाहीर गेल्यावर उतरते काय?"

"हो, मघाशी वॉकला गेली तर बरं वाटलं म्हणाली. का?"

"सुहासभाऊ, आता आयका. मशीन बंद करा. गॅसचा नळ बंद करा. सगळ्या खिडक्या उघडा, आन् दोघींलेही घराभाहीर काढा. शेजारी, कुठीही. म्या निंगालोच."

पंचवीस मिनिटांचा रस्ता त्यांनी कसा काढला ते त्यांनाही सांगता येत नाही. वाटेत अर्चनाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही मशीन पाहा. दीक्षाचा नंबर द्या, मी तिला फोन करते. दोघींचं रक्त तपासलं पाहिजे, आजच."

घराची दारं-खिडक्या सगळी उघडी होती आणि आत बाहेरच्यासारखीच थंडी. दोघी बायका शेजारच्या घरी. देवळीत असावी तशी ती मूर्ती तेवढी शांत बसलेली. रंभाबाईंनी बाहेर पडण्याआधी वंदना केली असावी, मेणबत्त्या अजून जळत होत्या.

"आता खिडक्या लावा," मेश्राम म्हणाले. "पाच मिनटं चालवून पाहतो. तुमी दाराशी उभे राहा."

या वेळी त्यांनी झाकण लावलं. कपाटाचं दार बंद केलं. विषारी वायू मोजायचा मीटर गळ्यात अडकवला आणि मशीन चालू केलं. ब्लोअर सुरू झाला. आवाज वेगळा होता. सोमवारी तो घुमत होता, आता बोंबलत होता. मेश्रामांनी धुराची काडी पेटवून कपाटाच्या दाराच्या फटीशी धरली. धूर फटीतून आत ओढला गेला. आणि गळ्यातला मीटर वाजायला लागला.

त्यांनी तत्काळ मशीन बंद केलं. पण ब्लोअर पेटी गार होईपर्यंत फिरतच राहतो, तसा तो फिरत होता. त्या घरघरीत त्यांची नजर टेबलावर गेली. ब्लोअर चालू, परतीची जाळी त्या मेणबत्त्यांच्या मागं दीड हातावर, आणि ज्योती सुईसारख्या सरळ उभ्या होत्या. जरासुद्धा झुकत नव्हत्या.

मेश्राम टेबलापुढं गेले. हात जोडले. मग मेणबत्त्या विझवल्या, मूर्ती आणि फोटो दोन्ही हातांनी उचलून सुहासच्या हातात दिले, टेबल बाजूला घेतलं. चादरीमागं भिंतीत दोन हात लांब जाळी होती आणि तिच्यात एक गोधडी गच्च कोंबलेली होती. वरून पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चिकटपट्टी. काम नेटकं होतं. कडा सगळ्या बाजूंनी सारख्या चिकटवलेल्या.

त्यांना ते काम ओळखू आलं. दिवाळी झाली की नागपूरच्या घराघरांत हेच करतात. कूलरच्या खिडकीतून थंडी येते, म्हणून पोतं कोंबायचं, वर पुठ्ठा लावायचा. इंदोऱ्याच्या घरात त्यांनी स्वतः कितीदा केलं होतं.

"हे काय आहे?" सुहास म्हणाला. त्याला समजायला वेळ लागला. "हे कुणी केलं?"

उत्तर दारातून आलं. शाल सावरत रंभाबाई आत आल्या होत्या, मागं दीक्षा.

"म्या केलं."

त्या जाळीपुढं येऊन थांबल्या.

"डिसेंबरात पोरगी सकाळी पॅसेजातून मोरीत जाये तं या जाळीपाशी पायाले गार वारा लागे. मले वाटलं इथूनच थंडी येऊन राहिली. कूलरची खिडकी उघडी राह्यल्यावानी. पोटुशी बाई, पाय गार पडू नये म्हून माही गोधडी घातली. मले एक पांघरून कमी चालते." त्यांनी मेश्रामांकडं पाहिलं. "काऊन? वाईट झालं काय?"

मेश्रामांनी खोटं सांगितलं नाही, आणि लपवलंही नाही. सांगितलं ते सावकाश. पायाला लागणारा वारा आत येत नव्हता, जाळीकडं जात होता. ती मशीनची परतीची वाट. ती बंद झाल्यावर ब्लोअरला हवा मिळेना. तो कपाटातूनच हवा ओढायला लागला, सोमवारी साफ झाल्यावर तर आणखी जोरानं, आणि त्या ओढीनं धुराड्यात चढणारा जळका वायू उलटा खाली येऊन ब्लोअरमध्ये, आणि तिथून खोल्यांत. त्याला वास नाही, रंग नाही. त्यानं डोकं दुखतं, मळमळतं. जास्त झालं तर माणूस झोपलेला उठत नाही. मशीन पाच मिनिटांत तापून स्वतःच बंद पडत होतं, म्हणून सगळे वाचले.

रंभाबाई खाली बसल्या. पॅसेजात, जमिनीवर.

"माह्याच हातानं," त्या म्हणाल्या. "माह्याच लेकीच्या..."

"आई, एकदा विचारायचं तरी!" सुहास ओरडला. "एकदा! आणि काका तुम्ही, तुम्ही सोमवारी पूर्ण चेक केलं होतं ना? मग तेव्हा कसं चाललं?"

"तेव्हा दार उघडं होतं जी. मशीनले दारातून हवा भेटत होती. दार बंद करून पाहायचं राहून गेलं. जाळीही तुमाले विचारली, पण उचलून नाही पाह्यली." मेश्रामांनी पुठ्ठा खाली ठेवला. "मावशीनं चूक केली थे नाही कळून. म्या केली थे कळत असून."

जाळी मोकळीच आहे असं सुहासनंही न बघता सांगितलं होतं. हातात मूर्ती घेऊन तो तसाच उभा राहिला.

संध्याकाळी हॉस्पिटलात दोघींचं रक्त तपासलं. वायूचं प्रमाण निघालं, थोडंसं. काही तास ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवलं. बाळाचे ठोके नीट होते. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर असं चाललं असतं तर आम्ही हे सांगू शकलो नसतो. अर्चनाबाई ड्यूटी संपल्यावर तिथंच जाऊन बसल्या होत्या. त्यांनी घरी फोन करून हे जसंच्या तसं नवऱ्याला ऐकवलं. पुढं एवढंच म्हणाल्या, "झुणका फार चांगला होता काय?"

"चांगला होता," मेश्राम म्हणाले.

त्या रात्री ते जेवले नाहीत.

गुरुवारी त्यांनी मशीन पुन्हा उघडलं, हवेचे सांधे नीट बंद केले, धुराडं साफ केलं. शनिवारी सकाळी शेवटच्या तपासणीला आले तेव्हा घर तापलेलं होतं. रंभाबाईंच्या खोलीत काटा वीसवर होता. आणि खोलीत पलंगावर पेटी उघडी होती. तीत नऊवारी पातळं घडी करून ठेवलेली, वर ती गोधडी.

दीक्षा दाराशी उभी होती. डोळे सुजलेले. "काका, आई ऐकतच नाहीये. सुहास म्हणतो तिकीट कॅन्सल करू, तर ती नको म्हणते. आता घर गरम आहे, कफ पण कमी झालाय. तरी जाते म्हणते उद्या. तुम्ही सांगा ना तिला."

मेश्राम खोलीच्या उंबऱ्यातच जमिनीवर बसले.

"मावशी, पेटी भरली काय?"

"भरली."

"काऊन?"

"मेश्रामभाऊ, मले भेव लागते." त्या पातळाची घडी उघडून पुन्हा घालत होत्या. "गावात मले सगळं समजे. चूल समजे, कूलर समजे. अथी कोन्त्या भिंतीत काय हाय, कोन्त्या भोकातून काय येते, मले नाही समजत. म्या चांगलं कराले जाते आन् लेकीचा जीव जाते. उद्या थे लेकरू होईन. त्याच्या खोलीत म्या काय करन, मलेच माहीत नाही. त्यापेक्षा म्या दूर बरी."

मेश्रामांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ती फॉर्मची दुसरी प्रत होती. इथं असा धोका सापडला की लिहून द्यावं लागतं.

"हे वाचते काय, दीक्षाताई? मावशीले सांगा."

दीक्षानं वाचलं. "रिटर्न एअरची जाळी घरातल्या माणसांकडून बंद झालेली आढळली." पुढं ती अडखळली. "सोमवारच्या भेटीत दार बंद करून तपासणी केली नाही. ही माझी चूक. जे. मेश्राम."

"हे कायले लिहिलं?" रंभाबाई म्हणाल्या. "तुमचं कार्ड जाईन ना."

"जाईन तं जाईन. नाही लिहिलं तं पुढच्या वेळी झुणका खाऊन पुन्हा तसाच उठन."

रंभाबाईंच्या तोंडाला हसू आलं होतं. ते त्यांनी परत घेतलं.

"मावशी, म्या बुधवारी घरी गेलो तं मलेही वाटलं, हे काम आपलं नाही. गोदामात खोकी रचलेली बरी. खोक्यानं कोनी मरत नाही. पन म्या गुरुवारी परत आलो. जिथं चुकलो तिथंच यावं लागते जी. नाहीतर चूक तशीच राह्यते, आन् आपुन भलतीकडं." ते उठले. "नाही समजत म्हनता ना? चला, समजावून देतो. अगरबत्ती आना."

पॅसेजात टेबल आता समोरच्या भिंतीला लागलेलं होतं. जाळी मोकळी, पुसून लख्ख. मेश्रामांनी मशीन चालू केलं. कपाटाचं दार बंद. ब्लोअर घुमायला लागला. त्यांनी पेटलेली अगरबत्ती रंभाबाईंच्या हातात दिली.

"जाळीपाशी धरा."

बाईंनी वाकून धरली. धुराची रेघ क्षणभर वर गेली, मग मोडली आणि आडवी होऊन जाळीत शिरली. एकामागून एक वेटोळं आत.

"अवो," रंभाबाई म्हणाल्या. त्यांनी अगरबत्ती मागं घेतली, पुन्हा धरली. "हे तं वाळ्याच्या ताटीसारखं हाय. हे मागून हवा घेते."

"तेच. आता कपाटाच्या फटीपाशी धरा."

तिथं धूर सरळ वर गेला. कुणी ओढला नाही.

"इथी ओढता कामा नये," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "तिथी ओढलं पाह्यजे. इथी नाही." वळून म्हणाल्या, "थे पांढरं डबडं वर काय लावलं?"

"अलार्म हाय. वायू झाला तं कानठळ्या बसवन. पन अलार्मचा सेल संपते. तुमी रोज वंदना करता तं त्यानंतर एवढं पाहायचं. सुहासभाऊ लॅपटॉपात अस्ते, दीक्षा लेकरात राहीन. पाहाले कोनी पाह्यजे ना."

"म्हंजे मले कामाले लावता."

"बिनपगारी."

रंभाबाईंनी पुन्हा एकदा जाळीपाशी जाऊन धूर पाहिला. बराच वेळ पाहिला. अगरबत्ती अर्धी झाली. मग त्या खोलीत गेल्या. पेटीचं झाकण पडल्याचा आवाज आला. सुहास जिन्यावर उभा होता. तो कधी खाली आला होता कुणाला कळलं नव्हतं.

बाई गोधडी घेऊन बाहेर आल्या आणि ती सोफ्यावर टाकली.

"जवाईबापू, थे उद्याचं तिकीट दुसऱ्या कोनाले देता येते काय?"

"नाही, आई. वाया जातं."

"मंग जाऊ द्या वाया. चहा मांडा. मेश्रामभाऊनं काही खाल्लं नाही."

"दार बंद करून अर्धा तास होऊ द्या," मेश्राम म्हणाले. "मंग खातो."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेला लंडनवर असा बर्फ पडला की बसही बंद झाल्या. त्याच्या तीन आठवड्यांनंतर दीक्षाला मुलगी झाली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सगळं रंभाबाईंनी केलं. शेगडीचं मात्र मेश्रामांना फोन करून विचारलं: "घरात निखारे चालते काय?" नाही म्हटल्यावर गरम पाण्याची पिशवी वापरली. मेश्रामांच्या फॉर्मवर एक तपासनीस आला, दोन घरी त्यांच्याबरोबर हिंडला, त्यांचं काम बघितलं, समज दिली आणि गेला. एप्रिलमध्ये परवाना देणारी संस्थाच बदलली, म्हणून सगळ्यांचीच कार्डं बदलली, मेश्रामांना नवं पिवळं कार्ड आलं.

आता ते आपल्या माणसांच्या घरी गेले की पहिल्यासारखंच बूट काढून चालतात. भिंतीशी देवघर असो, मूर्ती असो, फोटो असो, पुढं थांबून हात जोडतात. मग घरच्यांना न विचारता कापड उचलून मागं बघतात. एखादी म्हातारी दचकून म्हणते, "अहो, तिथं काही नाही हो!"

"नसंन जी," मेश्राम म्हणतात, आणि बघून घेतात.